दादाचे अर्ज आत्याच्या नावाने

दादा,

नोकरीच्या अर्जांना तुला उत्तरं का येत नव्हती ते सापडलं. जाहिरातीतल्या पत्त्यावर क्लिक केलं की आत्या सुट्टीत आली तेव्हा तिने आपल्या कॉम्प्युटरवर वापरलेला मेलचा प्रोग्राम उघडायचा, तिचं खातं त्यात तसंच चालू होतं. खाली नाव लिहायचा तुला कंटाळा, म्हणून सगळे अर्ज तिच्याच नावाने गेले! सकाळी तिचा फोन आला, "अगं, मला लिफ्ट दुरुस्तीच्या मुलाखतीला बोलावलंय. गुडघ्यांना विचारून सांगू का?"

मुलाखतीचा तो मेल तिने तुला पाठवलाय. मी सेटिंगमध्ये तुझा मेल प्रोग्राम डिफॉल्ट केलाय. आता पत्त्यावर क्लिक केलंस की वर तुझंच नाव दिसेल. दुपारच्या आत 'येतो' म्हणून कळव. मी कामावर निघाले. पांघरूण फेक, दाढी कर. आत्यापेक्षा तू त्यांना जास्त आवडशील, बहुतेक.

— छोटी