डाव्या पायाची गाडी

५ नोव्हेंबर, बुधवार
क्लबचं नियमपत्रक आलं मोबाइलवर. ऑटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवर एकेक गाडी, घड्याळाशी शर्यत) २१ डिसेंबर, रविवार, आडगावच्या पुढचा माळ. चहा गार होईपर्यंत तेच वाचत बसलो. वैशाली म्हणाली, "निकाल लागला का कसला?" (लग्नाला अठरा वर्षं झाली. इथून पुढे वै. एवढंच लिहिणार. बायकोचं पूर्ण नाव लिहायची उमेद राहिलेली नाही.)

वर्ग तेच. स्टॉक म्हणजे गाडी कंपनीतून आली तशी. टायर बदला, एअर फिल्टर बदला, बाकी हात लावायचा नाही. मॉडिफाइड म्हणजे इंजिन, सस्पेन्शन, काय हवं ते करा, पण आत लोखंडी पिंजरा हवाच, गाडी उलटली तर छत चेपू नये म्हणून. मी कायम स्टॉकमध्ये, अकराशे सीसीच्या आत. चारदा पहिला आलो. कप कपाटावर आहेत, वै. त्यांत बटणं आणि सुया ठेवते.

कलम सात: चालकाच्या पेडल, स्टिअरिंग वा ब्रेकच्या रचनेत कोणताही बदल असल्यास गाडी मॉडिफाइड समजली जाईल. हे आधीपासून होतं का? असेल. दोन पाय असताना कलम सात कोण वाचतं.

६ नोव्हेंबर
पांढरीच्या कागदांची झेरॉक्स काढली. पांढरी म्हणजे माझी हॅचबॅक. अॅक्सिलरेटर डावीकडे आणलाय, क्लच गिअरच्या मुठीवरच्या बटणाने. आरटीओत रीतसर नोंद आहे. इंजिन, टायर, स्प्रिंगा, सगळं कंपनीचं. एका सेकंदाचाही फायदा नाही त्या पेडलचा, उलट तोटाच. पण बदल तो बदल.

उजवा पाय चांदवडच्या अलीकडे गेला, दोन वर्षांपूर्वी. गाड्यांच्या विम्याची पाहणी करतो मी, ठोकलेली गाडी बघायला बाइकवर निघालो होतो. डंपर. गुडघ्याच्या वरून काढला. आता जो आहे त्याला घरात पाहुणा म्हणतो. संध्याकाळी दमला की काढून दाराशी उभा करतो.

७ नोव्हें.
देवरेसरांचा फोन. क्लबचे सेक्रेटरी. आवाजात तूप.
"शिरीषराव, तुम्ही स्पर्धेच्या भानगडीत कशाला पडता? आपण तुमची स्वतंत्र फेरी ठेवू. प्रेरणादायी. शाल-श्रीफळ, दोन शब्द बोला."
"वेळ लावणार का?"
"वेळेचं काय एवढं..."
फोन ठेवला.

वेळेचंच आहे एवढं. पेट्रोलपंपावर लोक मला पुढे जाऊ देतात. साहेब माझे रिपोर्ट न वाचता पास करतात. साडू हळू आवाजात बोलतो, जसा काही मी झोपलोय. मला एकदा कुणीतरी मोजावं. सत्तावन्न सेकंद की पंचाहत्तर, शेवटून पहिला असलो तरी चालेल. शाल थंडीत लागते तेव्हा घेईन बाजारातून.

९ नोव्हेंबर, रविवार
नंदू आला होता. क्लबचा गाडी-तपासणीवाला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्रत्येक गाडी त्याच्या हाताखालून जाते, त्याने स्टिकर लावला तरच ट्रॅकवर. एरवी आयटीआयत शिकवतो. पंचवीस वर्षांची मैत्री. मूळचा नांदगावचा, अजून 'लय' सुटलेलं नाही.

"कलम तुझ्यासाठी नाय केलेलं, शिऱ्या. एक जण पेडलं सरकवून आला होता, लय वाद झाला, म्हणून घातलं."
"मग मला सूट द्या."
"तुला दिली की उद्या दहा जण डॉक्टरचं सर्टिफिकेट घेऊन उभे राहतील."
खरं आहे. मी तपासणीवाला असतो तर हेच बोललो असतो. म्हणून जास्त राग आला.

मग म्हटलं, ठीक. मॉडिफाइडमध्ये पळतो. तिथे सोळाशेची इंजिनं, रॅलीचे टायर, सगळे बैल आणि माझी शेळी. तरी पळतो. नंदूने चहा बशीत ओतला. "पिंजरा लागेल," एवढंच म्हणाला.

१८ नोव्हें.
पिंजरा बसला. द्वारका चौकातल्या गॅरेजवाल्या रफिकभाईंनी वेल्डिंग स्वतः केलं. "साहेब, दरवाजातला आडवा पाइप सोडता येत नाही. बाजूने गाडी लागली तर तोच वाचवतो."
बसून पाहिलं. आत जायला दमछाक, बाहेर यायला त्याच्या दुप्पट. आपण उजव्या दाराने उतरतो, म्हणजे उजवा पाय आधी. माझा उजवा पाय पाहुणा. त्याला दोन्ही हातांनी उचलून पाइपवरून बाहेर टाकायचा, तोवर हेल्मेट छताला आपटतं, आणि पाहुण्याचा बूट सीटखाली अडकून बसतो. रफिकभाई दुसरीकडे बघत हात पुसत उभे. बराच वेळ पुसत होते.

१९ नोव्हें.
नियमपत्रकाचं मागचं पान. पिंजरा असलेल्या गाडीतून चालकाने पट्टे सोडून, कुणाच्या मदतीशिवाय, दहा सेकंदांत बाहेर आलं पाहिजे. आग लागली तर म्हणून.

म्हणजे असं. पेडल हलवलं म्हणून पिंजरा. पिंजरा आहे म्हणून बाहेर पडता येत नाही. पिंजरा नसता तर मी आरामात उतरतो, रोजच उतरतो. इकडे आड तिकडे विहीर, आणि दोन्हींवर क्लबचा शिक्का. हसू आलं. मग नाही आलं.

२३ नोव्हेंबर, रवि.
सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव. वै. मोबाइलवर वेळ लावते. पहिल्यांदा बावीस. मग एकवीस. मग बूट अडकला, वेळच नाही.
तळमजल्यावरचे काका: "योगासनं का?"
वै. म्हणाली, "हो, नवीन आहे."

ती हे का करते कळत नाही. तिला हे सगळं पसंत नाही. विचारलं तर म्हणाली, "घरात बसून भिंतीकडे बघता ते मला जास्त नापसंत आहे."

२६ नोव्हें.
पाहुण्याला काढून बसलो. वरचा पाइप धरायचा, अंग उचलायचं, डावा पाय बाहेर, मग सरळ जमिनीवर पडायचं. पडल्यावर उभं राहता येत नाही, पण नियमात फक्त बाहेर म्हटलंय, उभं राहा असं म्हटलेलं नाही. पंधरा. कोपरं सोलली. वै.ने हळद लावली.

३ डिसेंबर
कामाला पिंपळगाव बसवंतजवळच्या यार्डात. जळालेली गाडी. फोटो काढले, चासी नंबर शोधला, टोटल लॉस. यार्डवाला म्हणाला, "ड्रायव्हर आतच होता साहेब. पट्टा सुटला नाय त्याचा." पट्ट्याचं बकल खरंच लागलेलं होतं, बाकी काही नव्हतं. रिपोर्ट लिहिला. चालकाच्या रकान्यात पेन थांबलं. घरी वै.ला सांगितलं नाही. रात्री नसलेल्या पायाचा अंगठा दुखला. तो ब्रेक दाबत असतो अजून.

७ डिसें., रवि.
बारा. पुन्हा बारा. तेरा. बारा.

१२ डिसें.
बाराच्या खाली नाही. खांद्यात दम उरलेला नाही. वै. म्हणाली, "अहो, पुरे आता. हातही घालवून बसाल." हे वाक्य तिला नंतर लागलं. आत जाऊन भांडी आपटत बसली.

१४ डिसेंबर, रविवार
नंदूकडे गेलो. बारा सांगितले. दोन सेकंदांचा प्रश्न, म्हटलं.
"दोन सेकंद कमी नसतात, शिऱ्या. मी सही नाय करणार. तू आत राहिलास तर मी कुणाला तोंड दाखवू?"
आणि मी बोललो. "पाय कापायच्या कागदावर सही करताना हात थरथरला नाही तुझा. आता थरथरतोय?"

अपघाताच्या दिवशी वै. माहेरी होती, इगतपुरीला. डॉक्टर थांबायला तयार नव्हते. कागद नंदूपुढे आला. त्याने सही केली म्हणून मी जिवंत आहे, हे मला माहीत आहे. तरी बोललो.

त्याच्या बायकोने चहाचा ट्रे तसाच आत नेला. नंदू उठला. माझी चप्पल दारात सरळ करून ठेवली त्याने. एकच, पाहुण्याचा बूट मी काढत नाही.

१६ डिसें.
लाज वाटते. दोनदा फोन हातात घेतला.

१७ डिसें.
केला नाही.

२० डिसेंबर, शनिवार
तपासणी. माळावर सगळ्या गाड्या रांगेत, पोहे, वडापाव, तीच मंडळी. दोन-तीन जण येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले. देवरेसरांनी फोटो काढला.

नंदू आला. बॅटरीची क्लिप हलवून पाहिली, पट्टे ओढून पाहिले, टोइंगचा हुक, हेल्मेट, पिंजऱ्याचे जोड एकेक. माझ्याकडे पाहिलं नाही. पाहुणा वै.च्या हातात दिला आणि आत बसलो. "पट्टे बांध," नंदू म्हणाला. बांधले. नंदूची शिट्टी, हातात स्टॉपवॉच.

बकल पहिल्या झटक्यात सुटलं. वरचा पाइप हाताला लागला. डावा पाय निघाला. मग मांडीचा थोटका भाग सीट आणि पाइपमध्ये अडकला, थोडा. ओढला. मातीत पडलो. पडतानाच कळलं, गेलं. महिनाभर तेच केलंय, अंगाला कळतं.

"नऊ पॉइंट आठ," नंदू म्हणाला.

शीटवर लिहिलं. काचेवर स्टिकर लावला, अंगठ्याने चारही कोपरे दाबले. आजूबाजूचे टाळ्या वाजवायला लागले. देवरेसर सर्वांत जोरात. मी मातीत बसलेलोच. नंदू पुढच्या गाडीकडे गेला.

परत निघालो. द्वारकेच्या सिग्नलला वै. म्हणाली, "माझ्या मोबाइलवर तेरा आलेत."
"उशिरा बंद केलं असशील."
"असेल."
सिग्नल सुटला.

तोच दिवस, संध्याकाळ
नंदूला फोन.
"खरे किती?"
"शीटवर आहेत ते."
"नंद्या."
"तुला पळायचंय ना? पळ मग. मी देणं फेडलं." आणि ठेवला.

कसलं देणं? सही केली ते माझं देणं होतं, त्याचं नव्हतं. उलटं मी केलं, त्या एका वाक्याने. माणूस सरळ होता. नियमाला धरून चालणारा असा दुसरा क्लबात नाही. त्याला मी खोटं लिहायला लावलं.

देवरेसरांना खरं सांगितलं तर नंदूचं नाव जाईल. ते काम त्याला पगार देत नाही, पण त्याचा सगळा मान त्यात आहे. न सांगता माघार घेतली तर लोक म्हणतील घाबरला, ते चालेल एकवेळ, पण नंदूला कळेल की त्याचं खोटं मी परत केलं. पळालो तर? उद्या ट्रॅकवरची वेळ खरी असणार. ते मशीन आहे, त्यात कुणाचा अंगठा नाही. पण आग लागली तर तिला शीट दाखवून चालणार नाही. आणि तसं झालं तर नंदूचं काय होईल हे मी माझ्या कामात रोज बघतो; कागदावर सही ज्याची, दोष त्याचा.

वै. म्हणाली, "जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मग आयुष्यभर माझ्यावर ढकलाल." मग पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपलेली नाही.

२१ डिसेंबर, रविवार
माळावरून लिहितोय, वही मांडीवर. गाडीत बसलोय, पट्टे अजून बांधलेले नाहीत. थंडी आहे, धूळ उडतेय. माझा नंबर तेवीस. आत्ता एकोणीस गेला, दुसऱ्या वळणावर ट्रॅक आखायचा प्लास्टिकचा कोन उडवला.

सकाळी येताच नंदूला शोधलं. तपासणीवाल्याचं काम काल संपलं, आज त्याने मंडपात बसून चहा प्यायचा. मंडपात नव्हता. रफिकभाईंनी बोट दाखवलं. लांबच्या वळणावर, जिथे वेग सर्वांत जास्त आणि बाजूला नाला आहे, तिथे नंदू उभा आहे. तिथला झेंडेवाला मार्शल कुठेतरी लांब पाठवलाय त्याने. पायाशी आग विझवायचे दोन लाल सिलिंडर. तिसरा हातात धरलाय, पिन काढायच्या तयारीत, आणि हातमोजे घातलेत वेल्डिंगचे. बाकीच्या गाड्या जातात तेव्हा तो हलत नाही. त्याचं तोंड इकडे आहे, स्टार्टकडे.

हात केला. दिसला असेल. त्याने केला नाही.

वीस गेला. एकवीस लाइनवर.

वै. दाराशी वाकली. ओढणीने काचेवरची धूळ पुसली, स्टिकर सोडून. म्हणाली, "पाहुण्याला द्या इकडे. धरते मी."

पाहुणा दिला की पट्टे बांधायचे, नाही तर उतरून घरी. बावीसने इंजिन चालू केलं. तिचा हात अजून पुढेच आहे.