जावयापुढं गिळलेला शब्द

नांदेड, कार्तिक शुद्ध तृतीया, दिवेलागण

आज हरलो. तरी छाती फुगलेलीच आहे.

जावईबापू दिवाळसण आटोपून दुपारी कुसुमला हैदराबादला घेऊन गेले. निघायच्या आधी त्यांनी डाव मांडला. ए, ई, एच, आर ही चारही अक्षरं ज्यात येतात असे इंग्रजी शब्द आळीपाळीनं सांगायचे. जो अडला तो हरला. ते बी. ए. झालेले आणि मी? उभी हयात तहसील कचेरीत उर्दू कागद लिहिण्यात गेली. पेन्शनीत आल्यावर कुसुमनंच मला इंग्रजी शिकवलं, चिंचोक्यांवर चुन्यानं एकेक अक्षर काढून.

तेच चिंचोके घेऊन बसलो. फादर, हार्ट, अर्थ... सतरा शब्द झाले तरी मी हटेना! बापूंना घाम फुटला. तेवढ्यात हिनं येऊन कानाशी सुनावलं, "अवो, पहिल्या सणाचा जावई हाय. त्याला हरवून राहिलात का तुमी?"

बापूंनी कसाबसा एक शब्द काढला. माझी पाळी आली. माझ्यापुढं चिंचोके जुळून तयार होते: लेदर. जीभ नुसती वळवळत होती. चिंचोक्यांवर पंजा ठेवला आणि म्हणालो, "अडलो बुवा."

बापू खूश, हीसुद्धा खूश. कुसुम माझ्या मागंच बसली होती.

टांग्यापाशी पाया पडायला वाकली तेव्हा हळूच म्हणाली, "लेदर बरोबर होता, अण्णा. शाब्बास."