जपानला निघालेल्या गोधड्या

ब्राह्मणपुरी, आश्विन शु. ५, शके १८४५

सुकलालदाजींच्या सेवेसी, धाकटा मेहुणा छगन याचा हात जोडून नमस्कार. आपली प्रकृती, बैलजोडी आणि आमच्या मीनाबाईचा गुडघा ठीक असावा. परवा मी नंदुरबारात येऊन तुमच्या घरी न येताच परतलो, ही चहाडी तुमच्यापर्यंत पोचलीच असेल (कोणी केली असेल, तेही मला ठाऊक आहे). तरी बहिणीने रुसण्याआधी हकीकत ऐकावी.

श्रावणात आमच्या नदीला पूर येऊन काठच्या घरांच्या भिंती बसल्या. लोकलबोर्डाचे अध्यक्ष चुनीलालशेठ तेव्हा फिरकले नाहीत. रस्त्यात चिखल आहे, असा निरोप आला. पुढे त्याच महिन्यात जपानात भूकंप झाल्याचे कळले, आणि शेठ त्याच चिखलातून टांग्याने हजर! मारुतीच्या पारावर सभा भरवली. योकोहामा म्हणताना तीनदा अडखळले आणि चौथ्यांदा रडले. मला तिथेच संशय आला. शेठच्या जिनात कापसाची रुई होऊन तिच्या गाठी जपानला जातात, तेव्हा हे पाणी माणसांसाठी की गाठींसाठी? (सख्खा भाऊ गेला तेव्हा शेठ भाव विचारत होते.) मग म्हणाले, जपानचे लोक उघड्यावर थंडीत पडलेत, घरटी एक गोधडी द्या.

तेव्हा नदीकाठची तापीबाई उठली. म्हणाली, "शेठ, जपाननी भिंत पडनी ते तुमले समजनं, मन्ही भिंत पडनी ते कसं नही समजनं?" शेठ म्हणाले, बाई, हा राष्ट्राराष्ट्रांमधला प्रश्न आहे. तापीबाई खाली बसली. पण तिची पोरे गोणपाटावर निजतात हे साऱ्या गावाला माहीत, त्यामुळे कुणाला वर बघवेना.

तरी गोधड्या जमल्या. त्या जपानला जातात की शेठच्या जिनात, हे पाहायला मी बैलगाडीत गोधड्यांवरच बसलो. प्रकाशा गावापाशी तापी नदी ओलांडतानाही उतरलो नाही. नंदुरबार स्टेशनात शेठ आधीच येऊन उभे होते, सोबत फोटोवाला. ढीग रचला, शेठ त्याला टेकून दुःखी झाले, फोटो निघाला. मग स्टेशनमास्तर म्हणाले, "जपानला कुणाच्या नावे पाठवायच्या?" शेठनी माझ्याकडे पाहिले. मी कशाला सांगू? शेवटी ते हळूच म्हणाले, "छगन, तूर्त जिनात ठेवू."

मी पुन्हा ढिगावर चढून बसलो. म्हटले, गोधड्या ब्राह्मणपुरीच्या, ब्राह्मणपुरीलाच जातील, नाहीतर फोटोवाल्याला अजून एक फोटो काढू द्या, त्या जिनात जातानाचा. माणसे जमू लागली, तशी शेठना टांग्याची घाई झाली. ढीग सोडून तुमच्या घरी यायची माझी छाती झाली नाही (नंदुरबारचे लोक चांगले आहेत, पण गोधड्याही चांगल्या होत्या).

गावात आणून त्या पूरवाल्या घरांत वाटल्या. तापीबाईने दोन घेतल्या, उलटसुलट केल्या आणि विचारले, "जपानना लोके परत मांगाले येतीन का?" येणार नाहीत, असे मी शपथेवर सांगितले तेव्हा कुठे पोरांवर घातल्या. मला फार बरे वाटले.

थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.
आपला, छगन

ता. क. गोधड्या आपणच दिल्या, असे शेठ आता गावोगाव सांगतात. म्हणून लोकाग्रहास्तव (लोक म्हणजे मी आणि आमचे बैलवाले चिंधाभाऊ) दिवाळीनंतरच्या निवडणुकीत मी त्यांच्याविरुद्ध उभा आहे.

आणखी ता. क. वर्तमानपत्र आगगाडीने तुमच्याकडे आधी येते. परदेशात कुठे भूकंप, पूर, वादळ झाले (देव करो आणि न होवो), तर ताबडतोब माणूस धाडावा. शेठच्या आधी माझी सभा झाली पाहिजे. देश कुठलाही चालेल, फक्त नाव म्हणायला सोपे असावे.