यादीतलं पुढचं नाव

३ नोव्हेंबर

आगरदांड्याला पोचले एकदाची! मागे खाडी, समोर जेट्टी, आणि इंटरनेट चक्क पळतंय. घरमालकीण आवडाबाई आणि त्यांचे यजमान सदाकाका माझ्यासाठी जेवायचे थांबले होते. काका जेट्टीवर फेरीबोटीची तिकिटं फाडतात. स्वभाव बोलका, बोंबील भाजण्यात पटाईत. पाली गावी राहणाऱ्या प्रणालीला खोलीचे फोटो पाठवले. आई गेल्यापासून मला ही बहीणच काय ती आहे.

काम मजेचं आहे. क्रिप्टोचं, म्हणजे डिजिटल नाण्यांचं, एक खुलं सॉफ्टवेअर. जगात कोणीही त्यात बदल पाठवावा. बदल आला की आधी माझी चाचणी आपोआप चालते. यादीतलं पुढचं नाव घेऊन ती एक खोटा खातेदार बनवते, त्याची नाणी इकडून तिकडे फिरवते आणि शेवटी त्याला मागमूस न ठेवता पुसून टाकते. बदल आठवड्याला दोन-तीनच येतात, म्हणजे आराम आहे.

५ नोव्हेंबर

आधीच्या माणसाने सूचनांत लिहून ठेवलंय की यादीत जिवंत माणसांची नावं घालू नयेत. का, ते लिहिलेलं नाही. म्हणे जिवंत माणसं! मी मुद्दाम जवळचीच घातली: सदाकाका, प्रणाली, आणि तिसरी मी, मृणाल. आता चाचणीची पहिली फेरी सोडते.

पडद्यावरची खूण हिरवी! पास! आनंदात जेवायला बसलो, आवडाबाई आणि मी, दोघीच.

९ नोव्हेंबर

दुपारी मागची पानं चाळली. हे सदाकाका कोण? अक्षर तर माझंच.

आवडाबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, "माजं लगीनच न्हाय झालं गो." दोरीवर एक खाकी शर्ट वाळत होता. कोणाचा, ते त्यांनाही सांगता येईना.

चाचणीची नोंद उघडली. ५ नोव्हेंबर: सदाकाका, पुसले. पास. आता पुढचं नाव प्रणालीचं आहे.

१० नोव्हेंबर

नाव काढायचं तर तोही बदलच. तो पाठवला की आधी जुन्या यादीने फेरी चालणार. माझ्याच हाताने मी तिला—

प्रणालीला फोन केला, नुसती रडत होते. ती म्हणाली, खुळी आहेस, घरी ये.

चाचणी मुळातून बंद करणं एकाच्याच, सॉफ्टवेअरच्या मूळ कर्त्याच्या हातात, तो परदेशात. त्याला ईमेल टाकला. कारण काय देऊ? नुसतं लिहिलं, पाया पडते, बंद करा.

हातावर पेनने लिहून ठेवलंय: प्रणाली, बहीण.

११ नोव्हेंबर, सकाळ

त्याचं उत्तर आलं. बंद करतो म्हणतोय. छोटासा बदल पाठवतोय म्ह— नको! बदल नको! लिहितेय त्याला, पण तो—

दुपार

हिरवी.

हातावर निळ्या अक्षरांत काहीतरी आहे. प्रणाली, बहीण. मला बहीण नाही. मग इतकं रडू का येतंय?

मागची पानं वाचली. सगळी. देवा—

संध्याकाळ

त्याचा पुन्हा ईमेल. घाईत चूक राहिली, चाचणी बंद झालीच नाही. दुरुस्ती आत्ता पाठवतोय.

आवडाबाई दारात उभ्या आहेत. विचारतायत, तू कोण गो, आत कशी आलीस? मी सांगितलं, मी मृ