भज्जीसम्राट होण्याची तयारी

१८ डिसेंबर
कॉलनीच्या मंडळाने जाहीर केलं. १ जानेवारीला भज्जी महोत्सव, आणि त्यात फक्त नवऱ्यांची स्पर्धा. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे, दाणे-पालेभाज्यांची बेसन लावलेली भाजी; ती स्वतः करायची, घरून डब्यात आणायची. पहिल्या नंबराला ‘भज्जीसम्राट’ किताब आणि दोन फुटी चषक. मी लगेच नाव दिलं. स्वयंपाक येत नाही, पण पन्नास वर्षं दर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतातल्या सणाला, भज्जी खातो आहे. अर्धं काम तिथेच झालं.

खरं कारण इथेच लिहितो. मागच्या येळवशीला शेतात, चाळीस माणसांच्या पंगतीत महानंदा म्हणाली, "लगीन होऊन सव्वीस वर्षं झाली, ह्यांच्या हातचं पाणी बी मला ठाऊक न्हाई." सगळे हसले. बायको म्हटल्यावर बोलणारच म्हणून मीही हसलो. पण लागलं. चषक फ्रीजवर ठेवणार. येता-जाता दिसला पाहिजे तिला.

२१ डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे पाचला उठून सराव. आज थंडी फार. उद्यापासून.

२३ डिसेंबर, रात्री ९
सराव सुरू नाही, पण थिअरी पक्की. तुरीचे सोले, हरभरा, वाटाणा, शेंगदाणे, मेथी, पात, चिंच, वरून बेसन. एक्सेल शीट केली. ऑफिसात दोघांनी प्रिंट मागितली. महानंदाने बघून एवढंच विचारलं, की गॅसचा लायटर कोणत्या कॉलममध्ये आहे. काही लोकांना व्हिजन नसते.

२६ डिसेंबर
परीक्षक कळल्या. शिवकांताबाई, रिटायर्ड अंगणवाडी सेविका. कॉलनीत त्यांचा शब्द शेवटचा. माझं डोकं लगेच चाललं. येळवशीला त्यांना आपल्या शेतात जेवायला बोलवायचं. त्या दिवशी कुणाचं बोलावणं मोडता येत नाही. आणि खाल्ल्या मिठाला माणूस जागतोच.

दामिनी, म्हणजे आमची लेक, नांदेडला नर्सिंग करते. फोनवर म्हणाली, बाबा, हे चीटिंग आहे. मी म्हणालो, ह्याला पाहुणचार म्हणतात.

३० डिसेंबर, येळवस
प्लॅन हिट. शिवकांताबाई आल्या. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, शेतात ज्वारीची ताकातली आंबील शिंपडून झालं, पंगत बसली. महानंदाची भज्जी त्यांनी तीनदा घेतली. चौथ्यांदा मी आग्रहाने वाढली. चिंचेऐवजी अंबाडी घातली का, असं काहीतरी त्या विचारत होत्या. महानंदा म्हणाली, माझ्या आईची पद्धत हाय. असल्या बारीकसारीक गप्पांत मला रस नव्हता. आंबिलीचे पाच तांबे झाले होते. बाभळीखाली आडवा झालो. उठलो तेव्हा मंडळी भांडी गाडीत भरत होती.

३१ डिसेंबर
रजा टाकून भज्जी केली. एकट्याने. महानंदाला स्वयंपाकघरात बंदी. एक पातेलं कायमचं गेलं, दुसऱ्यात जमलं. तुरीचे दाणे थोडे कडक आहेत. बेसनाच्या गुठळ्या झाल्यात, पण त्याने टेक्श्चर येतं. रात्रभर मुरेल. भज्जी शिळीच चांगली लागते, हे अख्खा लातूर जिल्हा जाणतो.

१ जानेवारी, सकाळी ८
मुरली नाही. एक चमचा खाल्ला आणि दोन ग्लास पाणी प्यालो.

फ्रीजमध्ये महानंदाची परवाची भज्जी आहे, डबाभर. विचार केला. शेत माझं. तूर माझी. बेसन मी आणलं, रांगेत उभं राहून. म्हणजे तत्त्वतः भज्जी माझीच. ती माझ्या डब्यात भरली. माझी पातेल्यात ओट्यावर तशीच राहू दिली. महानंदा अंघोळीला गेली होती.

दुपारी ३
सविस्तर लिहायची इच्छा नाही. सतरा नवरे, सतरा डबे. शिवकांताबाईंनी माझ्या डब्यातला घास घेतला आणि डोळे मिटले. मी खिशातून भाषणाचा कागद काढला. त्यांनी माईक घेतला.

"ही अंबाडीची भज्जी मी परवा चार बारी खाल्लेय. ही महानंदाच्या हातची हाय. ह्यांनी नुसता डबा उचलला."

मंडळाने मला बाद केलं. किताब ज्याला गेला त्याच्या भज्जीत नूडल्स होते. पण ते त्याने स्वतः शिजवले होते म्हणे.

संध्याकाळी ६
उगाच गंजगोलाईच्या बाजारात दोन चकरा मारून घरी आलो. महानंदा कार्यक्रमाला आली नव्हती, पण बातमी तिला फोनवर पोचलेली असणार. बोलणी खायची तयारी ठेवली होती.

ओट्यावर माझं पातेलं धुऊन पालथं घातलेलं. भज्जी फेकलीस का, विचारलं. म्हणाली, दुपारीच खाल्ली, भाकरीसंगं. सगळी. दाणे कच्चे होते, मी म्हणालो.

"हाव. मीठ बी नव्हतं," ती म्हणाली. "पण लगीन झाल्यापासून आज पहिल्यांदा आयतं जेवले. फ्रीजमधली तुम्ही नेली, अन् ही ओट्यावर. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवून गेलाव."

स्पर्धेतसुद्धा इतकी लाज वाटली नव्हती.

हो, तुझ्यासाठीच, असं म्हणालो.

उद्या सकाळचा चहा मी करणार. साखर कुठे ठेवतात ते विचारावं लागेल.