सुविधाचं चौथं वर्ष

बेळगाव,
८ जुलै २०२५

ती. शेवंताआत्यास,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोन सोडून पत्र लिहिते आहे, कारण अण्णांचा फोन कायम स्पीकरवर. मी इथून बोलले की तिथं सगळी गल्ली ऐकते. ही बातमी आधी तुझ्या कानावर घालायची आहे. तुझ्या भावाला समजावणं तुलाच जमतं.

बी. ए.चा निकाल चांगला लागला. तीन वर्षं झाली, आता पदवी घेऊन घरी येता येतं. पण ज्यांचे गुण ठरलेल्या रेषेच्या वर आहेत, त्यांना हवं तर चौथं वर्ष ऑनर्स करता येतं. त्यात तास कमी आणि काम जास्त. विषय आपण निवडायचा, एका मार्गदर्शक मॅडमच्या हाताखाली वर्षभर त्याच्या मागं लागायचं, शेवटी प्रबंध लिहून चार शहाण्यांसमोर तोंडी उत्तरं द्यायची. पुढं एम. ए. एका वर्षात होतं. माझा विषयही ठरलाय, निपाणीच्या तंबाखू वखारींत राबलेल्या बायका. पहिली मुलाखत अर्थात तुझी.

फॉर्मवर पालकांची सही लागते, एकतीस तारखेच्या आत. आत्या, मला हे वर्ष मनापासून हवं आहे. अण्णांना नीट सांग. आईला जयभीम.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सुविधा


निपाणी,
१२ जुलै २०२५

चि. सुविधास,
जयभीम व पोटभर आशीर्वाद.

माझं बोलणं लिहून घ्यायला वही पुरायची नाही, पोतं घेऊन ये.

तुझं काम मात्र मी बिघडवून ठेवलंय. सांगायला बसले आणि नेमकी चौथ्या वर्षापासून सुरुवात केली. पुढचं तुझ्या अण्णानं, भीमानं, ऐकलंच नाही. तीन वर्षांच्या कॉलेजात चौथं वर्ष कुणाला बसावं लागतं, हे शेजारच्या विक्रमनं गल्लीला शिकवून ठेवलंय. तो दोन वर्षं घरी सांगत होता की आपण हुशार आहोत म्हणून कॉलेजच आपल्याला सोडत नाही. आता भीमाला वाटतं, तूही नापास झालीस आणि विक्रमचंच गाणं गातेस.

पंचवीस वर्षं शाळेची घंटा वेळेवर देणारा शिपाई तुझा बाप, परवा मधली सुट्टी द्यायलाच विसरला. पोरं डबे उघडून दाराकडं बघत बसली. वर मलाच बजावतो की पोरीला कुणी काय बोलायचं न्हाय, मनाला लावून घेईल. गल्लीतली रुक्माबाई तर तुझ्यासाठी शिवणक्लासची चौकशी करूनच सांत्वनाला आली. तिला चहा पाजून वाटेला लावलं.

उद्याच्या बेळगाव गाडीनं कंडक्टरकडं तुझ्या नावाचं पार्सल येतंय. मी अडवायला गेले होते, भीमानं ऐकलं नाही. उघडशील तेव्हा हसू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी आत्या


बेळगाव,
१६ जुलै २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम.

पार्सलात मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका निघाल्या, पावशेर बदाम आणि अण्णांच्या अक्षरात एक चिठ्ठी. लिहिलं होतं, घाबरू नको, दुसऱ्या खेपेला निघेल. खोलीतली मैत्रीण रचना पोट धरून हसली. मीही हसले, आणि मग न्हाणीघरात जाऊन रडले.

आत्या, मी वर्गात दुसरी आले आहे. जन्मात कधी नापास झाले नाही, आणि आता मानाचं काही मिळालं तर घरात दुखवटा! सोबत गुणपत्रिका आणि फॉर्म पाठवते आहे. पण एक सांगते. अण्णा वर्षभर गल्लीतून मान खाली घालून जाणार असतील, तर मला ऑनर्स नको. पदवी घेऊन सरळ घरी येते. सही गळ्यात पडून घेऊ नकोस. त्यांना पटलं तरच.

तुझीच,
सुविधा


निपाणी,
२४ जुलै २०२५

चि. सुविधास,
जयभीम. आशीर्वाद शेवटी देतो, आधी चूक कबूल करतो.

गुणपत्रिका बघितली, पण नुसत्या कागदावर माझं मन ठरेना. मंगळवारी रजा टाकून बेळगावला आलो. प्राध्यापकांना विचारलं नाही. पालक समोर आला की सगळी पोरं हुशारच असतात, हे मी आमच्या शाळेत रोज ऐकतो. खरं काय ते शिपायाला ठाऊक असतं. म्हणून तुमच्या विभागाचा शिपाई शामू गाठला. तो म्हणाला की साठ पोरांतनं चारच नावं निघालीत, बोर्डावर मीच डकवलीत, आणि नापासांची यादी लागते ती जिन्याखालच्या भिंतीला. मी ती भिंतही वाचून आलो. मग बोर्डासमोर उभा राहिलो. तुझं नाव दुसरं आहे. शामूनं चहा पाजला. तुला न भेटताच परतलो. लाज वाटली, पोरी.

घरी येऊन शेवंताक्काला सांगितलं की मला वाटलेलं, तीन वर्षं शिकून आणखी शिकायला लागतंय म्हणजे हिला काय आलंच नाही. तर आक्का रडायलाच लागली. आमचे आप्पा हेच बोलले होते. मी सातवी झालो तेव्हा मास्तर घरी आले होते, पोराचं डोकं चांगलं आहे, हायस्कुलात घाला म्हणून सांगायला. आप्पा त्यांना म्हणाले की सात वर्सं शिकून आजून शिकाय लागतंय, म्हंजे ह्याला काय आलंच न्हाय. सोमवारी मला आक्कासंगं वखारीत धाडलं. आप्पांना मी दोष देत नाही. त्यांना अक्षर येत नव्हतं. मला येत होतं, आणि तरी मी तेच करायला निघालो होतो.

सही केली आहे. फॉर्म याच पाकिटात आहे, हातात पडताच नेऊन दे. रुक्माबाईला मी स्वतः जाऊन सांगून आलो, आणि कुणी न विचारता पुढच्या चार घरांनाही. बदाम खा. प्रश्नपत्रिका रद्दीत घाल.

आता आशीर्वाद. लई शीक.
तुझा अण्णा

ता. क. फॉर्मात पालकाचं शिक्षण असा रकाना आहे. आजवर असल्या रकान्यात मी रेघ मारत आलो. ह्या खेपेला सातवी पास असं लिहिलंय. त्यातलं पास जरा मोठं झालंय, चालतंय का ते मॅडमना विचार.