पाठमोरं उभं राहायचं होतं

मास्तर,

तक्रार गंभीर आहे. बोईसरच्या तालमीच्या हॉलमध्ये पंखा एकच, आणि तो आमच्या नव्या दिग्दर्शकाच्या डोक्यावर. आम्ही पन्नाशीचे नट घामानं निथळतो, आणि साहेब मफलर गुंडाळून बसतात. भर मे महिन्यात! कलावंत दिसावं लागतं म्हणे. हा माणूस नाटक बसवत नाही, स्वतःला बघत बसतो. प्रत्येक वाक्य आधी हा म्हणून दाखवणार, मग आम्ही त्याची नक्कल करायची. काल त्यानं आमच्या दातिवऱ्याच्या बाईंना, ज्यांचा जन्म मासळी विकण्यात गेला, टोपली डोक्यावर कशी घ्यायची ते शिकवलं. बाई म्हणाल्या, "असं नाय रं बाबा. असं धरलं तं पाणी सगलं मानंवर येतं. तूच घेऊन बग."

तुम्ही कारखान्यातली पाळी संपवून आमचं नाटक बसवायला यायचात, कपड्यांना रसायनाचा वास, आणि थेट शेवटच्या रांगेत बसायचात. तिथून एकच ओरड, "ऐकू येत नाय!" करून कधी दाखवलं नाहीत. "मी दाखवलं तर ते माझं. तुझं काय मग?" मला तेव्हा वाटायचं, म्हाताऱ्याला येतच नसणार.

तेव्हाची ती पालघरची नाट्यस्पर्धा. बापाचं प्रेत दारात आणतात तो प्रवेश. तुम्ही मला पाठमोरं उभं केलंय. "खांद्यांनी रड. तोंड लोक आपापलं लावतील." आणि प्रयोगात मी वळतो. समोर तोंड करून मनसोक्त हुंदके देतो, टाळी घेतो. नंतर परीक्षक सगळ्यांदेखत सांगतात की दिग्दर्शकाला हा प्रवेश कळलेलाच नाही. तुम्ही म्हणता, "बरोबर हाय. दिग्दर्शन माझं." मी शेजारीच रंग पुसत उभा. गप्प. त्यानंतर तुम्हाला कुणी नाटक बसवायला बोलावलं नाही, आणि तुम्ही गेलात तेही तसेच, वाया गेलेला दिग्दर्शक म्हणून.

आज चहाच्या वेळी मफलर म्हणाला, "तुमच्या त्या मास्तरांना म्हणे साधा मरणाचा प्रवेश बसवता आला नव्हता?" सगळे हसले. मी कप खाली ठेवला. म्हटलं, "त्यांनी पाठमोरं सांगितलं होतं. वळलो मी."

बाईंनी विचारलं, "येवढी वर्सं बोलला नाय?"

"नाही."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. फक्त एक सांगायचं राहिलं, मास्तर. ती टाळी मला अजून आवडते.